टपारियाची आठ इंची पक्कड: एक सत्तावीस वर्षांची, एक सहा महिन्यांची

आमच्या घरी टपारिया कंपनीच्या दोन पक्कडी आहेत. दोन्ही आठ इंची, दोन्ही साध्या कॉम्बिनेशनच्या, म्हणजे धरायला, पिळायला आणि कापायला एकच. एक आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1998 साली बेळगावच्या खडेबाजारातून आणलेली. दुसरी मी यंदा मे महिन्यात आणली, लेक हुबळीला हॉस्टेलवर जाणार म्हणून. नवीन घेताना दुकानदाराने विचारलं, "जुनी मोडली काय?" मोडलेली नाही. तिच्याबद्दल लिहावं असं आबा गेल्यापासून मनात होतं, ते आता लिहिते.

आधी वस्तूबद्दल. पक्कड म्हटलं की आपल्याकडे स्वयंपाकघरातली पातेली उतरवायची सांडशीही डोळ्यांपुढे येते, म्हणून सांगते, ही वायरमनची पक्कड. पुढचं चपटं तोंड तार धरायला आणि पिळायला. त्याच्या मागची दातेरी गोलाई नट किंवा बारीक नळी धरायला. त्याच्या मागे, जोडाच्या अगदी जवळ, कापायची धार. धार तिथेच का, हे मला आबांनी अडकित्ता आणून दाखवलं होतं. सुपारी टोकाशी ठेवली तर फुटत नाही, खिळीजवळ सरकवली की कट्कन फुटते. हाताचा तेवढाच जोर तिथे कितीतरी पट होतो.

आबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी आधी लाकडाचा जो हुबेहूब नमुना करतात, तो करणारे. बिडाचं लोखंड थंड होताना आक्रसतं (त्यालाच श्रिंकेज म्हणतात), म्हणून नमुना शंभराला साधारण एक इतका मोठा ठेवावा लागतो. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरातलं कुठलंच माप ते नेमकं धरत नसत. पाच माणसांचा भात लावताना आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आतून ओरडून सांगायचे, "श्रिंकेज धर की!" आणि खरंच जेवायच्या वेळी कुणीतरी दारात उभं असायचं. कधी पुतण्या, कधी खानापूरकडचा एखादा जुना कामगार, कधी नुसता चालता-बोलता ओढून आणलेला माणूस. मी निपाणीहून लग्न होऊन शहापूरच्या ह्या घरात आले तेव्हा पहिला महिनाभर मला कळतच नव्हतं, घरचे नक्की किती.

पडवीत भिंतीवर एक खिळा आहे आणि खिळ्याभोवती निळ्या ऑइलपेंटने पक्कडीचा आकार काढलेला आहे. कारखान्यात हत्यारांच्या फळ्यावर असे आकार काढलेले असतात, कुठलं हत्यार बाहेर गेलंय ते लांबूनही दिसावं म्हणून. आबांनी ते घरी केलं, आणि मुद्दाम दाराच्या बाहेर. गल्लीतल्या कुणीही यावं, न विचारता पक्कड घ्यावी, काम झालं की लटकवून जावं. त्यामुळे ती खिळ्यावर क्वचितच असायची. संध्याकाळी दिवा लावायला बाहेर आल्या की आई भिंतीकडे बघून विचारायच्या, "आज कुणाच्या घरी जेवायला गेलीय?" आबांना पत्ता बरोबर ठाऊक असायचा.

दुरुस्तीचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, शाळेच्या दप्तराची चेन, शेजारच्यांच्या गाईच्या गोठ्यातला बल्ब. मागच्या गल्लीतल्या अक्का दारातूनच म्हणायच्या, "काका, स्वल्प मिक्सर नोड्री", म्हणजे कन्नडमध्ये जरा मिक्सर बघा. आबा मान वर न करता, "इडरी, नाळे बर्री", ठेवा, उद्या या. आणि ते 'नाळे' बहुतेक त्याच संध्याकाळी व्हायचं, मिक्सर घेऊन आबा स्वतःच त्यांच्या दारात.

मला त्यांनी थ्री-पिन टॉप बसवायला शिकवलं ते अजून हातात आहे. पावसाळा होता, इस्त्रीची वायर टॉपाजवळ जळली होती, नवरा गावाला. मी म्हटलं, ते आल्यावर बघतील. आबांनी टॉप आणि पक्कड माझ्यापुढे ठेवली. "पोरी, भ्यायचं नाही. खरं आधी भिंतीतनं काढायचं. घरातल्या वायरिंगला हात लावायचा झाला तर आधी मेन बंद, मग टेस्टर, मग हात." धार वायरच्या रबरावर हलकी दाबून गोल फिरवायची, तांबं कापू द्यायचं नाही, मग झटका न देता ओढायचं. उघड्या तारा चपट्या तोंडात धरून एकाच दिशेने पिळायच्या. हिरवी वायर वरच्या जाड, लांब पायाला. "हा पाय लांब का?" मला माहीत नव्हतं. "आत जाताना हा आधी टेकतो, बाहेर येताना हा शेवटी सुटतो. करंट यायच्या आधी आणि गेल्यानंतरही अर्थिंग जोडलेलं." इस्त्री तापली तेव्हा त्यांनी आईंना हाक मारून सांगितलं, आजपासून घरात वायरमन दोन. दुसऱ्या दिवशी हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

आता जुन्या पक्कडीचा दोष, जो तिचा नाही, माझा आहे. एकदा मी तिने छत्रीची मोडकी काडी कापली. छत्रीची काडी पोलादी, कडक असते. धारेला खाच पडली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरली. दोन्ही धारांच्या मधून उजेडाचा एक बारीक ठिपका दिसत होता. माझ्या पोटात गोळा. त्यांनी एक बारीक वायर त्या ठिपक्यात घातली, मिटली, ओढली. रबर अलगद निघून आलं, तांब्याला ओरखडा नाही. "बघ की! आता रबर सोलायला वेगळं हत्यार नको." त्यानंतर वायर सोलायची झाली की ते मुद्दाम माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, तुझ्या खाचेत घाल. नव्या पक्कडीत ती खाच नाही, आणि सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त तिचीच उणीव जाणवली.

आबांची खरी मजा बघायची तर वैशाखातल्या शिवजयंतीला. बेळगावात शिवजयंती तिथीप्रमाणे, आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालून पहाट करते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. आमच्या मंडळाच्या रथावर एका वर्षी प्लायवूडचा घोडा होता. आबांनी भंगारातून मोटारीच्या वायपरची मोटर आणली. ती बारा व्होल्टची, बॅटरीवर चालते, सावकाश फिरते आणि ताकद भरपूर. तिला एक तिरका दांडा जोडला की फिरण्याचं खालीवर होतं. घोडा मान डोलवायला लागला तेव्हा पोरांनी आबांनाच खांद्यावर घेतलं. गणपत गल्लीत दांड्याची तार तुटली. आबा ट्रॉलीखाली शिरले, तार पिळून जोडली, पण जोड सुटेल म्हणून पुढची सगळी मिरवणूक तो पक्कडीने धरून आडवे पडून राहिले. वर मान डोलतेय, लोक टाळ्या वाजवतायत, आणि खाली पासष्टी गाठलेला माणूस ढोलाच्या ठेक्यावर पाय हलवतोय. मी ट्रॉलीच्या कडेने वाकून बघितलं तर म्हणाले, "वर बघ, वर! घोडा चुकवू नको."

पावसात आंबोलीला जायचं हे घरातलं व्रत. टेम्पो भरून माणसं, डब्यात लाटी वडी, थर्मास, आणि आबांच्या बुशशर्टाच्या खिशात पक्कड. शिनोळी ओलांडली की ते गाणी सुरू करायचे, सूर सोडून सगळं बरोबर असायचं. दिवाळीत पोरांच्या किल्ल्यावर सलाइनच्या नळीचं कारंजं त्यांचंच.

2023 च्या पावसाळ्यात आबा गेले, बसल्या जागी, दोन मिनिटांत. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. तेराव्यापर्यंत येणारा प्रत्येक माणूस घरातलं काहीतरी दाखवत होता, हे त्यांनी बसवलं, ते त्यांनी जोडलं. आम्हाला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

नव्या पक्कडीबद्दल थोडक्यात. सुरुवातीला जोड घट्ट वाटतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि आठवडाभराचा वापर, की एका हाताने उघडमीट होते. तोंड मिटल्यावर टोकाशी बारीक तारसुद्धा निसटत नाही. मुठीवरचं आवरण जाड आणि हाताला चांगलं आहे, पण त्याच्या भरवशावर चालू वायरीला हात लावू नका, आणि गरम पातेलं तर अजिबात उचलू नका. आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने हवा ओली, म्हणून काम झाल्यावर कोरडं पुसून तेलाचा हात फिरवायलाच हवा. हातोडीसारखी ठोकायला वापरू नका, कडक पोलाद कापू नका. याआधी मधल्या काळात मी फुटपाथवरून एक बिननावाची पक्कड घेतली होती, तिचे दात पहिल्याच नटावर सपाट झाले; शंभर रुपये वाचवायला जाऊन ती वाया गेली.

आठ इंची माझ्या हाताला बसते, लेकीच्या बोटांना मोठी पडते. म्हणून तिला शेवटी सहा इंची वेगळी घेऊन दिली आणि ही मी ठेवली. हॉस्टेलवर तिने पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या टेबललॅम्पचा टॉप बसवला. फोनवर मी विचारलं, हिरवी वायर कुठे घातलीस? "आई, लांब पायाला. आबांनी मलापण शिकवलेलं की."

गेल्या महिन्यात घराला रंग काढला. रंगारी निळा आकार घासायला लागला तेव्हा आई आतून धावत आल्या. तेवढा चौकोन जुनाच आहे, भोवती नवा पिवळा. जुनी पक्कड तिथेच लटकते. नवी मी ड्रॉवरमध्ये ठेवते, तार कापायची ती तिनेच.

आत्ता हे लिहिताना बाहेर खिळा रिकामा आहे. दुपारी समोरच्या घरातला मुलगा येऊन घेऊन गेला, सायकलच्या ब्रेकची तार बदलायचीय म्हणाला. आई नुकत्याच दिवा लावून आल्या आणि मला विचारलं, "आज कुणाच्या घरी जेवायला गेलीय?"