वापरलेली आरव्ही ४००: पुण्यात प्रत्यक्ष मिळणारी रेंज

कोथरूड ते हिंजवडी हा माझा नोकरीचा रस्ता असून जाऊन-येऊन तो पस्तीस किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यासाठी मी २०२१ मध्ये नोंदणी झालेली रिव्होल्ट आरव्ही ४०० ही इलेक्ट्रिक मोटरसायकल तिच्या पहिल्या मालकाकडून घेतली. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू तिच्यावर काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. हिरवी नंबरप्लेट दिसली की सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस हमखास विचारतो, "एका चार्जमध्ये किती जाते?" जुन्या गाडीच्या बाबतीत या प्रश्नाचे नेमके उत्तर हवे असेल तर त्याचे दोन भाग करावे लागतात. बॅटरीत आज किती वीज मावते हा पहिला, आणि आपला रस्ता किलोमीटरमागे किती वीज घेतो हा दुसरा.

नवी असताना या बॅटरीची क्षमता ३.२४ किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या हिशेबात ३.२४ युनिट होती. कंपनीने इको मोडसाठी १५०, नॉर्मलसाठी १०० आणि स्पोर्टसाठी ८० किलोमीटर असे वेगवेगळे आकडे दिले होते, आणि या तीन मोडचा कमाल वेग अनुक्रमे ताशी ४५, ६५ आणि ८५ किलोमीटर आहे. भागाकार केला तर किलोमीटरमागचा खर्च अंदाजे २२, ३२ आणि ४० वॅट-तास निघतो (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ४५ च्या तुलनेत ताशी ८५ ला तो साडेतीन पटींहून अधिक होतो. स्पोर्ट मोडमध्ये रेंज झपाट्याने का घटते, याचे मुख्य कारण हेच आहे. जाहिरातीत १५० चा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, परंतु शहरात वावरणाऱ्या माणसाने सुरुवातीपासून १०० चाच आकडा डोळ्यांसमोर ठेवणे योग्य होय.

गाडी घरी आल्यावर मी चार्जरच्या आधी, पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर, एक साधा वीजमीटर बसवला. बॅटरी जवळजवळ रिकामी झाल्यावर पूर्ण चार्ज होईपर्यंत तो सुमारे ३.१ युनिट दाखवतो. चार्जरमध्ये उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज वजा केली की बॅटरीत प्रत्यक्ष पोहोचणारी वीज २.७ युनिटच्या आसपास उरते. म्हणजे मूळ क्षमतेचा साधारण सहावा हिस्सा वयोमानाने कमी झालेला आहे. दुसरीकडे, नॉर्मल मोडमध्ये एकट्याने, वाहतुकीच्या ओघाने चालवल्यास माझा खर्च किलोमीटरमागे ३० ते ३२ वॅट-तास येतो, जो कंपनीच्या आकड्याशी अगदी जुळतो. गाडी जास्त वीज खात नाही, बॅटरी कमी वीज धरते; आणि मला मिळणारी ८५ किलोमीटरच्या आसपासची रेंज ही या दोन गोष्टींची थेट निष्पत्ती आहे. स्पोर्टमध्ये हाच आकडा साठ-पासष्टवर येतो. इकोमध्ये शंभरी ओलांडता येते, मात्र बायपासवर ट्रक आणि कंपन्यांच्या बस मागून येत असताना ताशी ४५ ने चालणे मला धोक्याचे वाटते, म्हणून इको मोड मी कर्वे रस्ता, डेक्कन आणि पेठांपुरताच राखून ठेवला आहे.

पुण्यात रेंजचा खरा निकाल चढ लावतात. पौड रस्त्याने कोथरूड डेपो सोडला की चांदणी चौकापर्यंत सलग चढ लागतो, आणि परतताना वाकडला मुळा ओलांडल्यावर पुन्हा त्याच चौकापर्यंत चढत यावे लागते. त्यामुळे अंतर तेवढेच असूनही येताना बॅटरी नेहमीच अधिक उतरते. याचा हिशेब मांडता येतो. गाडी, चालक आणि सामान मिळून वजन २०० किलो धरले, तर १०० मीटर उंची चढायला सुमारे ५५ वॅट-तास लागतात, आणि मोटर व तिला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरमधील नुकसान धरून ते सत्तरच्या आसपास जातात. सपाट रस्त्यावर एवढ्या विजेत दोन किलोमीटर कापले जातात. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आणि सिंहगड सुमारे १,३०० मीटरवर आहे, म्हणजे गडावर जायचे असेल तर नकाशावरच्या अंतरात आणखी पंधरा किलोमीटर मिळवूनच निघावे. मागे माणूस बसला असेल तर त्याहूनही अधिक. उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी जवळजवळ फुकट चालते हे खरे, पण चढाला खर्ची पडलेली सगळी वीज उतारावर भरून निघत नाही.

टक्केवारीच्या आकड्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण जुनी गाडी घेणाऱ्याची सर्वाधिक फसगत तिथेच होऊ शकते. एका संध्याकाळी पत्नीला मागे घेऊन बावधनच्या बाजूने चांदणी चौकाकडे चढत असताना डिस्प्लेवर ३१ टक्के होते. चढ संपेपर्यंत आकडा २४ वर आला, आणि वर पोहोचून आम्ही कडेला पाणी प्यायला थांबलो तेव्हा तोच आकडा काही मिनिटांत २७ झाला. वीज कुठून परत आलेली नव्हती. जोराचा प्रवाह ओढला जात असताना बॅटरीचे व्होल्टेज दबते आणि भार निघाला की ते पुन्हा सावरते. बॅटरीतील सेल जुने झाले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून हे दबणेही वाढते. शिवाय सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने सर्वांत अशक्त गट आधी तळाला पोहोचतो आणि बाकीच्यांत वीज शिल्लक असूनही यंत्रणा पुरवठा आखडता घेते. म्हणून १०० वरून ८० वर येतानाचे किलोमीटर आणि २० वरून शून्यावर येतानाचे किलोमीटर समान धरू नयेत. मी शेवटचे १५ टक्के हिशेबातच घेत नाही. त्यामुळे माझ्यासाठी निर्धास्त रेंज सत्तर किलोमीटर आहे, आणि ऑफिसच्या दोन फेऱ्यांनाच ती जेमतेम पुरते. यामुळे मी रोज रात्री चार्ज करतो. बहुतेक दिवशी ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबतो आणि अधूनमधून पूर्ण भरतो, कारण सेलमधील असमतोल दूर करण्याचे काम सहसा चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात होते.

हवामानाचा परिणाम पुण्यात माफक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तीन-चार किलोमीटरचा फरक पडतो. पावसाळ्यात ओला रस्ता आणि समोरचा वारा मिळून त्याहून अधिक पडतो. टायरमधील हवा मात्र कोणत्याही ऋतूत दुर्लक्षू नये, कारण ती कमी असल्यास खर्च लगेच वाढलेला दिसतो.

घेण्याआधी ओडोमीटरवर फार विसंबू नये. चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांइतकेच वयही बॅटरी झिजवते, आणि उन्हात, पूर्ण चार्ज अवस्थेत महिनोन्‌महिने उभी राहिलेली कमी चाललेली गाडी रोज वापरलेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते. विक्रेत्याला बॅटरी तीस टक्क्यांच्या खाली आणून ठेवायला सांगावे, त्या अवस्थेत गाडी एखाद्या चढावर न्यावी आणि आकडा किती कोसळतो व थांबल्यावर किती सावरतो ते पाहावे. त्यानंतर स्वतःचा मीटर लावून ती पूर्ण चार्ज करावी. याला चार-पाच तास लागतात. प्रामाणिक विक्रेता तेवढा वेळ देतो, आणि जो देत नाही त्याच्याकडून गाडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरीची वॉरंटी शिल्लक असल्यास ती दुसऱ्या मालकाकडे वर्ग होते का, हे लेखी विचारावे. आरटीओच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या करण्यापूर्वी आरसी बुकावर कर्जाचा बोजा नाही याची खात्री करावी, आणि विमाही लगेच स्वतःच्या नावावर करून घ्यावा. किंमत ठरवताना मी गाडीच्या वर्षाऐवजी मावणाऱ्या युनिटवर बोलणी केली. मूळ ३.२४ पैकी २.७ उरले आहेत हे घेण्याआधीच लावून पाहिलेल्या मीटरवरून दोघांनाही दिसत असल्याने भाव कमी करण्यावरून फारशी घासाघीस झाली नाही.