उसाचा जिवाणू संच: चार बाटल्या, चार नावं

उसाच्या आडसाली (जुलै-ऑगस्टमधल्या) लागणीचे दिवस आले की सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या कृषी सेवा केंद्रांत एक-एक लिटरच्या चार बाटल्यांचा ‘ऊस जिवाणू संच’ दिसू लागतो. ॲझोटोबॅक्टर आणि ॲसिटोबॅक्टर (हवेतला नत्र धरणारे), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आणि केएमबी (पालाश मोकळं करणारे जिवाणू). कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खालच्या चुका एकाच कंपनीच्या नाहीत. माल ठीक, लेबल कच्चं, माहितीपत्रक चुकीचं. एकूण गुण पाचपैकी तीन.

गिऱ्हाईक बाटलीवरचा आकडा आधी बघतं. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी लागतात, भुकटीत ग्रॅमला ५ कोटी. चारही बाटल्यांवर हा आकडा आहे. पण आकडा कोणाचा, हे नाव सांगतं, आणि गडबड नेमकी तिथेच आहे.

ॲसिटोबॅक्टरच्या बाटलीवर नुसतं ‘ॲसिटोबॅक्टर स्पे.’ छापलंय. ‘स्पे.’ म्हणजे प्रजात ठरवलेली नाही. व्हिनेगर बनवणारे जिवाणूही ॲसिटोबॅक्टरच. उसाच्या कांडात राहून हवेतला नत्र धरणारा जिवाणू ब्राझीलमध्ये उसातूनच वेगळा केला गेला आणि १९८९ मध्ये त्याचं ॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस असं नामकरण झालं. पुढे १९९७ मध्ये १६-एस आरएनएचा (जिवाणूंची नाती ओळखायच्या जनुकीय खुणेचा) क्रम आणि पेशीतल्या युबिक्विनोन या रेणूचा प्रकार (ॲसिटोबॅक्टरमध्ये क्यू-९, यात क्यू-१०) बघून त्याला ग्लुकोनॲसिटोबॅक्टर या वेगळ्या वंशात नेलं. बाजारात आणि सरकारी नियमांत अजून जुनंच नाव चालतं, त्यामुळे त्याचे गुण कापलेले नाहीत. गुण कापलेत ते ‘डायझोट्रॉफिकस’ हा शब्द गाळल्याबद्दल. तोच तर कामाचा शब्द!

पीएसबीवर उलट प्रकार: ‘बॅसिलस मेगाथेरियम व्हार. फॉस्फॅटिकम’ असं लांबलचक नाव. ‘मेगाथेरियम’ हे स्पेलिंग जुनं, बरोबर आहे ते मेगाटेरियम. डी बॅरीने १८८४ मध्ये दिलेलं हे प्रजातीचं नाव तसंच आहे, वंश मात्र २०२० मध्ये बदलून प्रिस्टिया झाला. नवं नाव न छापणं हा दोष नव्हे. बॅसिलस असो की प्रिस्टिया, हा जिवाणू बीजाणू (टणक कवचाची सुप्त अवस्था) बनवतो, म्हणून ही बाटली उन्हाळा सोसते. याच पीएसबीच्या नावाखाली स्युडोमोनास भरला असेल तर तो बीजाणू बनवत नाही आणि तापलेल्या शेल्फवर लवकर मरतो. म्हणजे बाटली कुठे ठेवायची हेसुद्धा नावावरूनच कळतं. ॲझोटोबॅक्टर क्रोओकॉकम सिस्ट (जाड भिंतीची सुप्त पेशी) बनवतो, म्हणून मध्यम टिकाऊ. ग्लुकोनॲसिटोबॅक्टर आणि केएमबीतला फ्रॅट्युरिया ऑरँशिया यांच्याकडे दोन्हीपैकी काहीच नाही. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेला संच घेऊ नका, आतल्या सावलीतला मागा.

केएमबीचं लेबल चारांत सर्वांत नेटकं: वंश, प्रजात, स्पेलिंग, सगळं बरोबर. फक्त हा जिवाणू जमिनीत अडकलेलं पालाश मोकळं करतो, नवीन आणत नाही, हे लक्षात ठेवावं.

स्ट्रेनचा (प्रजातीतल्या नेमक्या वाणाचा) क्रमांक मात्र एकाही बाटलीवर नाही, आणि ही उणीव जुन्या नावापेक्षा मोठी. एकाच प्रजातीच्या दोन स्ट्रेनमध्ये स्फुरद विरघळवण्याची ताकद फार वेगळी असू शकते. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहाचा क्रमांक छापायला फार तर एक ओळ लागते.

आता माहितीपत्रक. त्यात बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच ड्रममध्ये टाकायला सांगितलंय. तसं करू नका. आधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डेझिम हे बुरशीनाशक घालून टिपरी (लागणीचे उसाचे तुकडे) १० ते १५ मिनिटं बुडवायची, निथळू द्यायची, मग वेगळ्या ड्रममध्ये जिवाणूंच्या द्रावणात ३० मिनिटं. भुकटीची प्रचलित शिफारस हेक्टरी १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो पीएसबी, १०० लिटर पाण्यात. तांबेयुक्त औषध किंवा स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या ड्रममध्ये तर जिवाणू घालूच नयेत, ती औषधं जिवाणूही मारतात. या शिफारशीत नत्रात ५० आणि स्फुरदात २५ टक्के बचत धरलेली आहे. पण बाटलीतला माल तपासल्याशिवाय युरिया निम्म्यावर आणू नये.

तपासणी सूक्ष्मजीवशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होते. १ मिलि नमुना ९ मिलि निर्जंतुक पाण्यात, असं ओळीने पाच वेळा. शेवटच्या नळीतला ०.१ मिलि प्लेटवर पसरायचा. मिलिलिटरला १० कोटी असतील तर साधारण १०० वसाहती (जिवाणूंचे ठिपके) उगवतात. माध्यम (प्लेटमधला जिवाणूंचा आहार) मात्र ज्याचं त्याला हवं: पीएसबीला पिकोव्हस्काया, त्यात वसाहतीभोवती स्वच्छ कडं दिसतं. ॲझोटोबॅक्टरला नत्रविरहित ॲशबी किंवा जेन्सन. ऊस-ॲसिटोबॅक्टरला अर्धघन एलजीआय, त्यावर पिवळसर साय धरते. ‘स्पे.’ लिहिणाऱ्या बाटलीत डायझोट्रॉफिकस असण्याची शक्यता याच सायीवरून पहिल्यांदा जोखता येते. घरी एवढंच बघा: झाकण फुगलेलं किंवा कुजका वास म्हणजे भेसळीचे जंतू. तळाशी बसलेला गाळ हा दोष नाही, हलवून वापरा.

संचासोबत आंतरपिकासाठी ‘रायझोबियम’चं एक पाकीट फुकट मिळतं. त्यावर पिकाचं नाव नाही, म्हणून ते न घेतलेलं बरं. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी. दोघेही एकेकाळी रायझोबियमच म्हणवले जात. पहिला १९८२ मध्ये वेगळा झाला, दुसरा १९९७ मध्ये. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चोळलं तर त्यातला जिवाणू मुळांवर गाठी धरत नाही. योग्य पाकीट असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यातून, सावलीत सुकवून लगेच पेरणी.