सोलापूरच्या पूर्व भागातली अंगणवाडी आणि माता गट : वर्षभरानंतरचा अनुभव

मुलाला तिसरं लागल्यापासून आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत पाठवते आहे. वर्ष होऊन गेलं. नर्सरीची फी परवडत नाही म्हणून पाठवलं, पण आता फी परवडली तरी इथेच ठेवीन.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या घरोघरी तेच. त्यामुळे मुलगा मराठीत गप्प बसेल ही मोठी धास्ती होती, आणि सुरुवातीला तो बसलाही. सेविकाताई बोल म्हणून मागे लागल्या नाहीत. तो तेलुगूत काही मागायचा, त्या समजून घेऊन द्यायच्या आणि तेच मराठीत म्हणायच्या. बडबडगीतात आधी त्याचे हात हलायला लागले, मग शब्द आले. दिवाळीनंतर तर घरी येऊन आजीला मराठीत गोष्ट सांगायला लागला!

लिहायला कधी शिकवणार, हे सगळेच पालक विचारतात. मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, मातीचे गोळे करणं, आखलेल्या रेघेवरून चालणं, हे तिथे रोज चालतं. बोटांत ताकद आणि डोळ्या-हाताचा मेळ आल्याशिवाय पेन्सिल धरवत नाही. आता तो शर्टाची बटणं स्वतः लावतो.

खरा फरक माता गटाने, म्हणजे आम्हा आयांच्या गटाने पडला. गल्लीतल्या बऱ्याच बायका विड्या वळतात, दुपारी उठून कुठे जाणं जमत नाही. म्हणून गट ओट्यावरच बसतो. मुलांना तंबाखूच्या सुपापासून लांब बसवायचं, हा आमचा पहिला नियम. मग मोबाईलवर आलेली एखादी कृती करायची : शेंगा सोलून दाणे मोजायचे, वाट्या लहान-मोठ्या क्रमाने लावायच्या, चिंध्या रंगांप्रमाणे वेगळ्या करायच्या. खर्च काही नाही. शाळा न शिकलेल्या आयाही मुलांना शिकवू शकतात, हे मी इथे पाहिलं.

उणिवाही आहेत. खोली एकच, उन्हाळ्यात पत्रा तापतो. वजन-उंची घेणं, घरपोच आहाराचं वाटप, मोबाईलवरच्या नोंदी, वरून सर्वेक्षण. त्या दिवशी मुलांचं शिकणं मागे पडतं. एकट्या ताईंनी किती करावं? 1975 पासून चालत आलेल्या अंगणवाडीच्या या योजनेत बालशिक्षणासाठी वेगळी बाई हवी, असं मला मनापासून वाटतं.

तोवर पाठवणार असाल तर मुलाला रोज पाठवा आणि गटात स्वतः बसा. नुसतं खाऊच्या वेळेला नेऊन सोडलेल्या मुलांत एवढा फरक मला दिसला नाही.