गुन्ह्याच्या गणितासाठी कॅसिओ ९९१ईएक्स: काय जमतं, कुठे फसतं

फॉरेन्सिक शिकणाऱ्यांनी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या स्टेशनरी दुकानात जाऊन सरसकट सगळ्यात महागडा कॅल्क्युलेटर मागायची गरज नाही. ९९१ईएक्स पुरेसा आहे, पण खोक्यावर छापलेल्या पाचशेच्या वर फंक्शन्समुळे नव्हे. घ्यायचा तो कॅल्क (एकदा लिहिलेल्या सूत्रात किमती बदलत राहणं) आणि सॉल्व्ह (समीकरणातली अज्ञात किंमत शोधणं) या दोन सोयींसाठी, बाकी बरंचसं शोभेचं. आणि पडद्यावरचे दहा आकडे बघून हुरळून जाऊ नका. पुराव्यात तेवढी अचूकता कधीच नसते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक होतंय. कोल्हापुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहेच. म्हणजे ही गणितं परीक्षेपुरती राहणार नाहीत, त्या हिशेबानेच हे यंत्र तपासलंय.

रक्ताच्या डागापासून सुरुवात करू. डागाची रुंदी भागिले लांबी, त्याचा शिफ्ट-साइन, की थेंब आदळल्याचा कोन मिळाला. रुंदी ४ मिमी, लांबी ८ मिमी असेल तर ३० अंश. उत्तर ०.५२३६ आलं तर यंत्र रेडियनमध्ये आहे. शिफ्ट, मेनू, २, १ दाबा आणि वरच्या पट्टीत डी दिसतोय का बघा. शेपटी लांबीत धरायची नाही, ही चूक सर्रास होते. शिवाय कोन जितका उभा तितकं मोजमाप दगा देतं. ८ मिमीच्या डागात रुंदी ४ ऐवजी ४.१ वाचली तर कोन ०.८ अंशाने बदलतो. १० मिमीच्या डागात ९.५ ऐवजी ९.६ वाचली तर जवळजवळ २ अंशांनी. म्हणून आडवे, लांबट डाग निवडावेत. थेंब जिथून उडाला त्याच्या खालच्या जागेपासून डाग ९० सेंमीवर असेल तर ३० अंशाच्या टॅनने उंची ५२ सेंमी येते, पण ती कमाल मर्यादा समजा. थेंब सरळ रेषेत येत नाही, वाकत येतो. त्यामुळे उगम त्याच्या खालीच असतो. पाच-दहा डागांचे कोन स्टॅटिस्टिक्समध्ये भरले तर प्रमाण विचलनासाठी सिग्मा-एक्स नको, एस-एक्स घ्या. आपल्या हातात नमुना आहे, सगळे डाग नव्हेत.

अपघाताच्या गणितात कॅल्क कळ खरी कामाला येते. ताशी किलोमीटरमधला वेग म्हणजे २५४.३ × घर्षणांक × मीटरमधली ब्रेकची खूण, या गुणाकाराचं वर्गमूळ. सूत्र ए आणि बी घालून एकदा लिहा. कॅल्क दाबलं की किमती विचारत राहतो. कोरड्या डांबरावर ०.७ आणि २५ मीटर धरले तर ६६.७ येतात. तोच रस्ता पावसात ०.४ वर आला तर ५०.४. आंबा घाटासारख्या उतारावर ६ टक्के उतार घर्षणांकातून वजा करावा लागतो, मग ०.६४ आणि वेग ६३.८. पुस्तकातला ०.७ डोळे झाकून घालणाऱ्याचा अहवाल उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. घर्षणांक त्याच रस्त्यावर, तशाच हवेत मोजलेला हवा. खूण संपल्यावर गाडी ३० च्या वेगाने धडकली असेल तर ६६.७ आणि ३० ची बेरीज करू नका. वर्गांची बेरीज करून मूळ काढा, ७३.१ येतात. एबीएस असलेल्या गाडीची खूण फिकट, तुटक असते. तिथे लांबीच शंकास्पद.

खरी परीक्षा मृत्यूच्या वेळेची. मृतदेह किती थंड झाला यावरून वेळ काढणाऱ्या हेन्सगेच्या सूत्रात दोन घातांकी पदं आहेत, त्यामुळे वेळ सरळ वेगळी काढता येत नाही. सॉल्व्ह लागतंच. भोवतालचं तापमान २३.२ अंशांच्या वर असेल तर त्या दोन पदांचे सहगुणक १.११ आणि ०.११, खाली असेल तर १.२५ आणि ०.२५. कोल्हापुरात वर्षातले बरेच महिने पहिली जोडी लागते, आणि विद्यार्थी दुसरीच पाठ करून येतात. ७० किलो वजन, खोली २८ अंश, गुदाशयातलं तापमान ३३ अंश धरा. वजनाचा उणे ०.६२५ वा घात, गुणिले उणे १.२८१५, अधिक ०.०२८४, म्हणजे थंड होण्याचा वेग दाखवणारा बी उणे ०.०६१७. सॉल्व्ह ११.६ तास देतो. सुरुवातीचा अंदाज ० देऊ नका. तिथे वक्र जवळजवळ सपाट असल्याने यंत्राची उत्तर शोधायची न्यूटनची पद्धत भलतीकडे उडी मारते. १० द्या.

आता खोलीचं तापमान २८ ऐवजी २९ घालून बघा. उत्तर १३.३! एका अंशाने पावणेदोन तास. शरीर फारसं थंड न होण्याचा सुरुवातीचा सपाट टप्पा विसरून साधा न्यूटनचा शीतकरण नियम लावला तर उलट ९.९ तास येतात. सूत्राची स्वतःची चूकच अनुकूल परिस्थितीतही २.८ तास इकडेतिकडे धरतात. मयताला ताप असेल तर सूत्रात धरलेली ३७.२ अंशांची सुरुवातच चुकीची. आणि पडद्यावर ११ च्या पुढचे सगळे दशांश ऐटीत उभे असतात!

डीएनएच्या गणिताला यंत्र फक्त गुणाकार करतं, दोष डोक्यात होतो. समजा योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ होती. म्हणजे जिल्ह्यात असे आणखी चारेक जण निघू शकतात. दुसरा कुठलाच पुरावा नसेल तर आरोपीच तो असण्याची शक्यता जेमतेम २० टक्के. इंग्लंडमध्ये १९९९ साली स्वतःच्या दोन बाळांच्या खुनाचा आरोप असलेल्या सॅली क्लार्क यांच्या खटल्यात, एका बाळाच्या आकस्मिक मृत्यूची शक्यता ८५४३ त एक धरून, ८५४३ चा वर्ग करून ७.३ कोटींत एक असा आकडा मांडला गेला. दोन बाळांचे मृत्यू एकमेकांशी असंबद्ध आहेत, हे त्या वर्गात गृहीत धरलं होतं. शिक्षा २००३ मध्ये रद्द झाली.

हिशेबातल्या अफरातफरीसाठी बेनफर्डचा नियम (खऱ्या रकमांत पहिला आकडा १ सगळ्यात जास्त वेळा येतो, ९ सगळ्यात कमी) यंत्रातल्या स्प्रेडशीटमध्ये बसतो. ४५ ओळी आहेत, लागतात नऊ. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक मोजणारा काय-स्क्वेअर तयार मिळत नाही, बेरीज स्वतः करून १५.५१ शी ताडायची. फक्त तो दूध संस्थेच्या फॅटच्या नोंदींना किंवा गुळाच्या सौद्यातल्या दरांना लावू नका. म्हशीच्या दुधाचा पहिला आकडा ६ किंवा ७ च येणार, आणि प्रामाणिक सचिव उगाच चोर ठरेल. बिलांच्या रकमांना लावा. मात्र यंत्र बंद केलं की शीट कोरी होते, आणि हा या मॉडेलचा सगळ्यात मोठा तोटा.

ऑन दाबलं की कॅल्कसाठी लिहिलेलं सूत्रही जातं. एक्समधली जुनी किंमत मात्र राहते आणि पुढच्या गणितात गुपचूप शिरते. नव्या प्रकरणाआधी शिफ्ट-९ करून मेमरी साफ करा.

नवा ९९१सीडब्ल्यू मिळाला तरी चालेल, पण त्यात सॉल्व्ह इक्वेशनच्या मेनूत गेलंय आणि बरीच फंक्शन्स कॅटलॉगमध्ये शोधावी लागतात. घरात ९९१ईएस प्लस पडून असेल तर नवीन घेऊच नका. सॉल्व्ह आणि कॅल्क त्यातही आहेत. वाचलेल्या पैशांत व्हर्नियर कॅलिपर आणि एक बरा थर्मामीटर येईल.