कोंबडा जाम झाला, बदक फिरतंय

गेल्या एप्रिलमध्ये मी एका वेल्डिंगच्या गॅरेजात दोन रविवार घालवले आणि भंगारातून बागेसाठी बदकाच्या आकाराचं भिरभिरं करायला शिकले. तेव्हाच चार ओळी लिहा म्हणून सून मागे लागली होती. मी म्हटलं, आधी एक पाऊस जाऊ दे. गोव्यात मांद्र्याला आमच्या घरापासून समुद्र जेमतेम दीड किलोमीटर. इथे मे महिन्यात बागेत लावलेली कुठलीही वस्तू देखणीच दिसते, तिची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर.

गॅरेज हायवेच्या कडेला, पेडण्याच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि मिस्त्री ओळखीतला माणूस. पाटी नाहीच. पत्र्याच्या छपरावर पंधरा-वीस भिरभिरी फिरताना दिसली की गाडी थांबवायची.

मिस्त्रीचा मूळ धंदा ग्रिल आणि गेट. पण हात तयार झाला तो शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या, चित्ररथांवर. गरुडाने पंख हलवायचे, राक्षसाने मान फिरवायची, तलवार वरखाली व्हायची, हे सगळं सायकलच्या चेनी, जुन्या मोटारी आणि दोऱ्यांवर चालतं. दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या नरकासुरांचीही कामं त्याच्याकडे येतात. म्हणून भिरभिऱ्याकडे तो शोभेची वस्तू म्हणून बघतच नाही. त्याच्या लेखी ते यंत्रच.

दोन रविवारांचे १५०० रुपये. त्यात वेल्डिंग, बेअरिंग, रंग, दुपारची पेज आणि आंब्याचं लोणचं. भंगार आपापलं न्यायचं. मी नातवाची मोडकी सायकल, जुना तेलाचा डबा आणि बियरचे अकरा रिकामे डबे घेऊन गेले. डबे दिराचे. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईच्या पिशवीतून ते खणखणत बाहेर आले तेव्हा तिथल्या दोन पोरांनी एकमेकांकडे जे बघितलं, ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

पहिल्या रविवारी पातं म्हणून हातात आलं नाही. कापाकापी आणि रंगकाम होईल या आशेने आलेली दोन माणसं जेवणानंतर निघून गेली. मिस्त्रीचं एकच पालुपद, "टीचर, पयलें बेअरिंग, मागीर रंग." त्याने एका थाळीत रॉकेल घेऊन दहाबारा जुनी बेअरिंगं धुतली आणि एकेक आमच्या बोटावर चढवून फिरवायला लावली. स्केटिंगच्या चाकात असतं ते ६०८ नंबरचं : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरून २२, जाडी ७. त्यातही दोन जाती. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. टूआरएस म्हणजे रबराची. पत्र्याचं हलकं फिरतं, पण झाकण पुरतं टेकलेलं नसतं, पाणी आत शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. रबराचं किंचित जड फिरतं. घाटावर कुठलंही चालेल, आमच्याकडे रबराचंच. हे समजायला मला अर्धा दिवस लागला, पण आता घरातल्या पंख्याचा आवाज ऐकूनही मी मान तिरकी करते.

मग तोल. चार पात्यांचं चाक आसावर मोकळं सोडायचं. दर वेळी तेच पातं खाली येऊन थांबलं तर ते जड. कानशीने घासायचं, नाहीतर समोरच्या पात्याला वायसर लावायचा. माझं चाक सात वेळा घासून झालं. आठव्या वेळी ते भलत्याच जागी थांबलं, आणि मिस्त्री प्रथमच हसला.

दुसऱ्या रविवारी पाती. लहानपणी आम्ही माडाच्या चुडताची पात काढून, दुमडून, हिराच्या काडीवर अडकवायचो आणि शेताच्या बांधावरून धावत सुटायचो. ते भिरभिरं संध्याकाळी फेकलं तरी कुणाला काही वाटत नसे. इथे अपेक्षा वेगळी. बियरच्या डब्याचा पत्रा कागदासारखा पातळ, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. त्याची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून चारी बाजूंनी मुडपून घ्यायची. त्याने धारही जाते आणि पात्याला ताठपणाही येतो. हातमोजे मात्र मिस्त्रीकडे नाहीत. मी अंगठा कापून घेतला, हळद लावली. हातमोजे घरून न्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांची पातीही तिथे काही जणांनी केली. मिस्त्रीने करू दिली, पण उन्हाने ती तडकतात हेही सांगून ठेवलं.

पात्याला पीळ किती द्यायचा यासाठी त्याच्याकडे लाकडाची तिरकी कापलेली खुंटी आहे. ती लावायची आणि वाकवायचं. फार सपाट ठेवलं तर हलक्या वाऱ्यात चाक सुरूच होत नाही. माझं बदक आधी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. कारण साधं निघालं, शेपूट लहान. ज्या खुंटीवर बदक वळतं तिच्या मागे पत्रा जास्त हवा, म्हणजे वारा शेपटीला ढकलतो आणि चोच आपोआप समोर येते. तेलाच्या डब्याची अख्खी बाजू शेपटीला गेली. खुंटी म्हणजे एक सळई, तिच्यावर वरून बंद केलेली नळी, मध्ये ग्रीसमध्ये बसवलेला एक छर्रा.

पेजेच्या वेळी मिस्त्रीने मोबाइलवर एका अमेरिकन म्हाताऱ्याची भिरभिरी दाखवली. व्हॉलिस सिम्प्सन, नॉर्थ कॅरोलायनाचा, यंत्रं दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर त्याने शेताच्या कडेला घराएवढी उंच भिरभिरी उभी केली, त्यांना रस्त्याच्या पाट्यांचे चमकते तुकडे चिकटवले. दुसऱ्या महायुद्धात सायपान बेटावर मोडक्या बी-२९ विमानाच्या भागांपासून त्याने वाऱ्यावर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र केलं होतं. २०१३ मध्ये तो ९४ वर्षांचा होऊन गेला, आणि २०१७ मध्ये विल्सन गावात त्याच्या भिरभिऱ्यांची बागच उघडली. आमच्या मिस्त्रीने तेव्हापासून सायकलचे लाल रिफ्लेक्टर जमवायला घेतलेत. माझ्या बदकाचे डोळे त्यातलेच. रात्री गाडी वळली की लकाकतात.

आता तक्रार. निघताना नातवासाठी मी तयार कोंबडाही घेतला, २२०० रुपयांचा. रंग झकास, तुरा तर बघत राहावा असा. गणेशचवथीपर्यंत तो जाम. स्क्रू साध्या लोखंडाचे, पाती ॲल्युमिनियमची, मध्ये काहीच नाही. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रूभोवती पांढरी भुकटी धरते, आणि स्क्रू आपल्या परीने गंजतोच. गंमत म्हणजे हे मला मिस्त्रीनेच शिकवलेलं. बदकाला त्याने खाऱ्या हवेत टिकणाऱ्या ३१६ नंबरच्या स्टेनलेसचे बोल्ट लावायला लावले होते आणि प्रत्येक जोडावर तेलाच्या कॅनमधून कापलेला प्लास्टिकचा वायसर. कोंबडा घेऊन गेले आणि विचारलं, तर म्हणे, ती पर्यटकांसाठी, ते पुण्या-दिल्लीच्या बाल्कनीत नेतात. बेअरिंग फुकट बदलून दिलं, बोल्टचे पैसे घेतले. मला हे आवडलं नाही आणि तसं मी सांगितलं. विकत घेणाऱ्याला घर कुठे हे विचारायला काय जातं?

भिरभिरं लावलं की "माकडं येत नाहीत" हाही त्याचा दावा. चार दिवस आली नाहीत. पाचव्या दिवशी एक दांडगा हुप्प्या कुंपणावर बसून बदकाकडे बघत माझे पेरू खात होता.

जागेची चूक माझी. मी बदक आधी आंब्याखाली लावलं. झाडांत वारा गोंधळतो, बदक नुसतं डोकं झटकत राहिलं. मग चिऱ्याच्या कुंपणाला बारा फुटी पाइप बांधून वर चढवलं. पावसाळ्यात ते नैर्ऋत्येकडे तोंड करून रात्रंदिवस फिरलं. एक खडखड सुरू झाली होती, शेजारच्या वहिनी दोनदा बोलल्या. जुन्या चपलेच्या रबराची चकती घातली, थांबली. वादळाचा इशारा आला की मात्र खिळा काढून चाक खाली घ्यायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पात्यावरचा दाब चौपट होतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा मिस्त्रीच्या छपरावरचं एक भिरभिरं शेजारच्या माडाच्या शेंड्यात सापडलं होतं. "वारें कोणाचें आयकना," एवढंच त्याचं त्यावरचं म्हणणं.

आता थंडीत सकाळी बदक गप्प असतं. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की चोच पश्चिमेला वळते आणि मी अंगणातल्या पापडांवर फडकं टाकते. बेअरिंग अजून पहिलंच आहे. शेपटीचा रंग एका बाजूने उडालाय, तो मीच घाईत प्रायमर न लावता दिला होता.

जायचं असेल तर शिकायला जा, तयार घेऊ नका. घ्यायचंच झालं तर बोल्ट कुठले ते विचारा आणि समुद्र किती लांब ते सांगा. सकाळी नऊ म्हणजे दहा. बसायला स्टूल दोनच. मला आणखी एक मासा करायचाय, म्हणून परवा फोन केला. मागून ग्राइंडरचा आवाज येत होता. शिगमो संपेपर्यंत जमायचं नाही, म्हणाला.