कर्लीच्या खाडीत घरी बांधलेली प्लायची होडी: एका हंगामानंतर

दिवाळीनंतर पाण्यात घातलेली आमची बारा फुटी होडी आता पावसाळ्यासाठी मांगरात, म्हणजे घराजवळच्या खोपीत, उलटी ठेवली आहे. अख्खा हंगाम ती सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीत नेरूरपारच्या पुलापासून देवबागच्या संगमाच्या अलीकडेपर्यंत फिरली. काम मुख्यतः गरीने काळुंदर-तांबोशी हे मासे मारायचं आणि अधूनमधून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडायचं. घरी होडी बांधायचा विचार करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की आकार आणि रंग यांवर डोकं कमी खर्च करा. प्लायची होडी टिकते किंवा जाते ती फळीच्या कापलेल्या कडेवर.

आमच्या होडीचा तळ सपाट, 12 मिमीचा, बाजू 6 मिमीच्या. पारंपरिक होडीसारखे वाक, म्हणजे आतल्या लाकडी फासळ्या, जवळपास नाहीतच. कापलेल्या फळ्यांच्या कडांना भोकं पाडून त्या तांब्याच्या तारेने एकमेकींना शिवायच्या. मग आतल्या कोपऱ्यात इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदात) बारीक भुसा कालवून तो चमच्याच्या पाठीने गोलाईत भरायचा आणि वरून फायबरग्लासची पट्टी बसवायची. 1963 साली इंग्लंडमध्ये ‘मिरर’ ही शिडाची होडी याच पद्धतीवर हौशी लोकांनी घरी बांधावी म्हणून निघाली होती. प्लाय आठ फुटी मिळतो, त्यामुळे बारा फुटांसाठी सांधा घालावा लागतो. दोन्ही टोकं तिरकी तासून एकमेकांवर चिकटवायची; उतार जाडीच्या आठपट, म्हणजे 12 मिमीला साधारण 96 मिमी. आमचा सांधा हंगामभरात केसभरही उघडलेला नाही.

प्लाय आयएस 710चाच (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) घ्या, पण नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. त्या मानकात 72 तास उकळण्याची चाचणी असते. आम्ही प्रत्येक शीटचा तुकडा दिवसभर चुलीवर उकळला. एका दुकानातून आणलेला तुकडा, त्यावर शिक्का असूनही, संध्याकाळपर्यंत वहीच्या पानांसारखा सुटला. तो प्लाय परत केला.

इपॉक्सीचा खर्च प्लायच्या बरोबरीने येतो, तो धरूनच चला. एप्रिल-मे महिन्यांत एका वेळी थोडंच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. खोल भांड्यात ते तापतं, धूर सोडतं आणि हातातच घट्ट होतं. पाऊस तोंडावर आला की दमट हवेत वाळलेल्या थरावर तेलकट साय धरते. ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर चिकटत नाही. शिवाय उन्हात इपॉक्सी टिकत नाही, म्हणून वर पीयू (पॉलीयुरेथेन) रंग हवाच.

पाण्यात कशी आहे? वीतभर पाण्यातही तरते. ओहोटीला चिखलावर सरळ बसते, कलत नाही. उभं राहून पाग (फेकायचं जाळं) टाकला तरी भरवसा वाटतो. दुपारी वारा सुटला की मात्र सपाट तळ लाटांवर आपटतो आणि होडी आडवी वाहवत जाते. मागच्या बाजूला तळाखाली सागाची एक उभी फळी बसवल्यावर ती बरीच सरळ चालायला लागली. वल्ह्यांसाठी धातूच्या कड्या न घेता खुंटी आणि दोरीचा फासा ठेवला. आवाज होत नाही, गंजायचा प्रश्नच नाही आणि दोरी झिजली की पाच मिनिटांत बदलता येते.

आता कडा. बाहेरचा तळ दगड-कालवांवर घासून रंग गेला तरी खाली फायबरग्लास शाबूत आहे. काळजीची जागा एकच निघाली: बाकाखालच्या स्क्रूच्या भोकाशी नखाएवढा काळा डाग. भोक म्हणजेही प्लायची कापलेली कडाच. गावातल्या जुन्या होड्या दुरुस्त करणारे मेस्त्री बघायला आले. बाहेरून त्यांनी हातही लावला नाही, सरळ आत वाकले. म्हणाले, “होडी भायरसून कुजणा नाय रे, भितरसून कुजता. पावसाचा पाणी आत ऱ्हवाक देव नको.” खरंच आहे. लाकूड कुजवण्यात खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेलं गोडं पाणी वाईट. ते भोक मोठं करून, सुकवून, इपॉक्सीने भरलं आणि मधोमध पुन्हा भोक पाडून स्क्रू बसवला. आता प्रत्येक स्क्रूला तेच करणार आहे. स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्या, खाऱ्या हवेत नेहमीच्या 304 प्रतीवर डाग येतात.

होडी पाण्यात बांधून ठेवू नका. दर खेपेला बाहेर काढली तर बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) धरत नाहीत आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यालाही वाव मिळत नाही. दोघांना सहज उचलता येते, हा प्लायचा सगळ्यात मोठा फायदा. जुन्या लाकडी होड्यांना उंडीचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावतात, ते उघड्या लाकडाला उत्तम. इपॉक्सीवर त्याचा उपयोग नाही, उलट पुढची दुरुस्ती चिकटणार नाही.

दोन्ही बाकांखाली बंद हवापेट्या केल्या आहेत. होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही, हे उथळ पाण्यात मुद्दाम भरून बघितलं. तरीही लाइफ जॅकेट घालूनच बसतो. संगमावर ओहोटीचं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे ही होडी नेत नाही. ज्यांना खाडीबाहेर जायचं आहे त्यांनी सपाट तळाची होडी बांधू नये, मेस्त्रींकडून वाक घातलेली खोल होडी करून घ्यावी.