नवजात बाळाला कावीळ झाली तर इथेच न्या

पाच तारे देतेय ते या दवाखान्यातल्या तपासण्याच्या पद्धतीला. इमारत जुनी, जिना अरुंद. ओल्या बाळंतिणीला दुसऱ्या मजल्यावर चढवताना जीव खालीवर होतो. तरीही बाळ पिवळं पडलं तर मी इथलंच नाव सांगेन.

लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. नात सदतिसाव्या आठवड्यात झाली आणि चौथ्या दिवशी चेहऱ्यावरची पिवळी झाक पोटावरून मांड्यांपर्यंत उतरली. इथे आल्यावर सिस्टरांचा पहिला प्रश्न: "आजी, अंगाला हळद-बेसन लावलंय का?" लावलं नव्हतं, पण आपल्याकडे मालिशवाल्या मावशी सर्रास लावतात आणि मग खरा रंग कळत नाही. मग बाळाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, पूर्ण उघडं केलं. डॉक्टरांनी कपाळ, छाती, पोट, मांडी, तळपाय असं एकेका जागी बोटाने हलकं दाबून पाहिलं. बोट उचललं की क्षणभर त्या जागेची लाली जाते आणि खालचा पिवळेपणा उघडा पडतो, तो मलाही दाखवला. कावीळ डोक्याकडून पायांकडे पसरत जाते. तळवे पिवळे दिसले तर प्रमाण बरंच वाढलेलं असतं. तरी नजरेवर भिस्त न ठेवता टाचेतून रक्त घेतलं. बिलिरुबिन, म्हणजे अंग पिवळं करणारं रक्तातलं द्रव्य, १८ आलं.

लेकीला रडूच फुटलं. डॉक्टरांनी तिला बसवून घेतलं आणि घाई न करता सगळं सांगितलं. जन्मल्यावर बाळाच्या जादा तांबड्या पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं. पोटात असताना ते वारेतून आईकडे जायचं. आता बाळाच्या यकृताला ते काढायचंय आणि यकृत अजून तयार नाही. म्हणून निम्म्याहून जास्त बाळं थोडीफार पिवळी होतात आणि आपोआप निवळतात. आमच्याकडे दोन गोष्टी वाढीव होत्या: बाळ थोडं आधी आलेलं, आणि आईचा रक्तगट ओ, बाळाचा ए. आईच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे अशा बाळाच्या पेशी जास्त फुटू शकतात. बिलिरुबिन फारच चढलं तर मेंदूला आणि कानाला कायमची इजा होते, हेही त्यांनी लपवलं नाही. "तुझ्या दुधात काही दोष नाही, दर दोन-तीन तासांनी पाजत राहा," हे वाक्य मात्र लेकीला औषधासारखं लागू पडलं.

निळ्या दिव्यांखाली नात नुसत्या लंगोटात, डोळ्यांवर पट्टी बांधून होती. या प्रकाशाने बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शी-शूतून बाहेर पडतं. शी हिरवट, पातळ होईल, घाबरू नका, असं सिस्टरांनी आधीच बजावलं होतं, आणि तसंच झालं. पाजायला बाळ हातात द्यायचे. दिव्याखाली कातडी लवकर गोरी दिसते, म्हणून रंग पाहून "उतरली" असं कुणी म्हटलं नाही. रक्त पुन्हा तपासूनच दिवे बंद केले. मी कोवळ्या उन्हाचं विचारलं. एवढ्या प्रमाणाला ऊन पुरत नाही, शिवाय बाळ पोळतं किंवा गारठतं, असं स्पष्ट सांगितलं.

घरी जाताना बाळाचे कपडे कुठे ठेवलेत तेही विचारलं. डांबर गोळ्या घातलेल्या ट्रंकेतली दुपटी काढायची नाहीत, कारण जी६पीडी (रक्तपेशींना जपणारं एक एन्झाइम) कमी असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्या वासानेही फुटू शकतात. हे मला या वयात पहिल्यांदा कळलं आणि प्रत्येक आजीला कळायला हवं.

मुलाचा दीड वर्षाचा पोरगाही सोबत होता. त्याचे तळहात आणि नाकाचा शेंडा पिवळट दिसत होता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांचे पांढरे भाग पाहिले, ते स्वच्छ. मग रोजचं खाणं विचारलं: गाजर, भोपळा, पपई. म्हणाले, ही कावीळ नाही, गाजरातला रंग कातडीत साठलाय. काविळीत डोळे पिवळे होतात, यात होत नाहीत. ना तपासणी, ना औषध, ना वेगळी फी. सुनेने गाजर-भोपळा कमी केला, हळूहळू रंग गेला.

कागदावर ठळक लिहून दिलेली सूचना इथेही देते. कावीळ दोन आठवड्यांपुढे राहिली, शी पांढरट किंवा मातकट झाली, लघवीने लंगोटाला गडद पिवळा डाग पडू लागला, तर लगेच आणा. पित्तनलिका बंद असू शकते आणि तिची शस्त्रक्रिया साधारण दोन महिन्यांच्या आत झालेली बरी. बाळ पेंगुळलं, दूध ओढेना, तर रात्रीही या.

उणीव म्हणाल तर सोबतच्या माणसाला झोपायला नुसतं बाकडं आहे आणि खालचं औषधाचं दुकान रात्री लवकर बंद होतं. चादर, थर्मास आणि जास्तीची लंगोटं घरूनच न्या.